एकदाच विचारलंस

टॉर्मडनं बोटीतच ठरवून टाकलं होतं. स्टॉर्नोवेचा धक्का मागे पडला, बाकीची माणसं सूप प्यायला आत गेली, आणि तो कठड्याशी उभा राहून लांब जाणाऱ्या बेटाकडे बघत राहिला. लेकीनं, मारसलीनं, विचारलं तर जायचं. नाही विचारलं तर प्रश्नच मिटला. पण तिनं विचारलं, तर घराला कुलूप घालून एडिनबऱ्याला तिच्याकडे राहायला जायचं.

एवढं ठरवायला त्याला दोन हिवाळे लागले होते. पहिल्या हिवाळ्यात बायको गेली, एफी. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या मर्डोला त्याच्या मुलानं इनव्हरनेसला नेलं, आणि वाऱ्याला बोलायला त्या वाटेवर टॉर्मडचं एकच घर उरलं. वारा बोलतो, त्याला ना नाही, पण उत्तराची वाट बघत नाही. शाळेची बस चालवण्यात टॉर्मडचा जन्म गेला होता. आता गुडघे असे आखडायचे की स्वतःच्या मोटारीत चढतानाही तो आधी चुळबुळ करी, मग आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघे, आणि मग चढे.

अर्थात लेकीनं विचारल्याबरोबर हो म्हणायचं नव्हतं. तसं कुणी म्हणत नाही. त्याच्या गावात, नेसमध्ये, पहिल्या बोलावण्याला बसणाऱ्या माणसाबद्दल लोक पाठीमागे म्हणतात, याला आई नव्हती वाटतं. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप'. विचारणाऱ्यानंही तिसऱ्यापर्यंत दम धरायचा असतो. टॉर्मडची आई आणि गावच्या बायका नवं कापड ओलं करून फळीवर आपटायच्या, तेव्हा हातांच्या ठेक्यावर गायच्या:

पहिलं गं विचारणं, दारातल्या वाऱ्याला
दुसरं गं विचारणं, चुलीतल्या निखाऱ्याला
तिसरं गं विचारणं, पाहुण्याच्या जिवाला
तिसऱ्याला बसला तो, घरातला झाला

आठवडा लेकीकडे सरला, बैठकीतल्या सोफ्यावर झोपून, कारण मागच्या खोलीत अजून पलंग नव्हता. मारसली आणि तिचा नवरा कीथ सकाळी कामावर जात, संध्याकाळी दमून येत, आणि कुणी काही विचारलं नाही. उरला शनिवार. रविवारी टॉर्मड प्रवास करत नसे, देवाचा वार. सोमवारी सकाळची बस. शनिवारी कीथ भावाकडे गळकं छप्पर दुरुस्त करायला गेला आणि मारसली म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला शहर दाखवते."

"पाहिलंय की. तुझ्या लग्नात."

"लग्नात तुम्ही चर्च पाहिलंत आणि स्टेशन पाहिलंत."

"मग राहिलं काय?"

ती हसली आणि त्याचा कोट घेऊन आली. बापलेक एकमेकांशी गेलिकमध्ये बोलत. त्या बोलीत बापाला एकेरी हाक मारायची सोय नाही, त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेली मारसली अजून त्याला 'तुम्ही' म्हणे, आणि कीथला त्याचं हसू येई.

किल्ल्यावर गर्दी होती. ऑक्टोबरचं फिकट ऊन दगडावर पडलं होतं, ऊब नसलेलं, नुसतं दिसण्यापुरतं. एक वाजता रोजची तोफ उडाली. पर्यटक दचकले, एका बाईच्या हातातलं सँडविच खाली पडलं, आणि टॉर्मडनं मनगट वर करून घड्याळ बघितलं.

"बरोबर आहे?" मारसलीनं विचारलं.

"तोफ बरोबर आहे. घड्याळाचं सांगता येत नाही."

तटावरून खाली सगळं शहर उतरत उतरत खाडीला भिडलं होतं. पाणी दिसलं तसा टॉर्मड जरा सैल झाला. पलीकडे फाइफचे डोंगर, अलीकडे लीथच्या गोदीतल्या क्रेन. त्या क्रेनपाशीच कुठेतरी मारसलीचं घर होतं, तळमजल्यावरचं.

"आमची मागची खोली रिकामी आहे," मारसली म्हणाली. ती त्याच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती. "खिडकीतून गोदी दिसते. बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला याल?"

त्याच्या छातीत काहीतरी हललं, नांगर उचलताना साखळी हलते तसं. आलं. विचारलं पोरीनं. त्यानं टोपी सारखी केली, घसा साफ केला, आणि जे म्हणायचं असतं ते म्हणाला.

"नको गं. मी काय करणार इथं?"

मग तो थांबला.

मारसलीनं मान हलवली. थोडा वेळ ती कठड्यावरच्या दगडाला हात लावून उभी होती. "बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, विचारून बघावं."

आणि ती चालू लागली.

टॉर्मड तिच्या मागून गेला. त्याला काळजी वाटली नाही. पहिलं विचारणं उंच जागी, वाऱ्यात झालं, दुसरं खाली कुठेतरी होईल. घाईघाईत तिन्ही उरकणारीही माणसं असतात, पण त्यात गोडी नाही. तटाच्या टोकाला दगडी देवघर होतं, एका खोलीएवढं जुनं चर्च. मारसली "आलेच" म्हणून आत गेली आणि बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा रुमालानं नाक पुसत होती. आत गार असणार, त्यानं मनाशी म्हटलं.

उतारावरच्या रस्त्यानं ते खाली निघाले. एका कोपऱ्यावर पायपर गाल फुगवून बॅगपाइप वाजवत होता. टॉर्मडनं दोन कडवी ऐकली आणि तिसऱ्याला निघाला.

"का हो?"

"तेच परत वाजवणार तो. चेहरा सांगतो."

थोडं पुढे गेल्यावर लाल जॅकेट घातलेला एक पर्यटक त्यांच्या मागे कान लावून चालत होता. शेवटी त्यानं नम्रपणे विचारलं, ही कुठली भाषा, तुम्ही कुठून आलात. मारसली म्हणाली, "इथलेच आहोत." त्या माणसानं दोघांकडे अशा नजरेनं बघितलं की इथले असण्यात काही चूक झाली असावी.

व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या वळणावर रंगीत दुकानांची रांग आहे. एकात टोप्या होत्या, ट्वीडच्या, तपकिरी, करड्या, दलदलीच्या पाण्यासारख्या हिरव्या. मारसलीनं एक हिरवी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. टॉर्मडनं आरशात बघितलं. आरशातला माणूस त्याच्या आठवणीतल्यापेक्षा जरा बरा होता.

"छान दिसते. घ्यायची?"

"आहे मला टोपी."

"बरं," म्हणत तिनं ती उचलून खुंटीवर परत लावली आणि गळपट्ट्यांकडे वळली.

टॉर्मड तिथंच उभा राहिला. एफी असती तर म्हणाली असती, तुझ्या डोक्यावर आहे ती टोपी नाही, तिच्यात चिमणीनं अंडी घातलीत. तो म्हणाला असता, अंडी उबून निघू देत. ती म्हणाली असती, मग पिल्लांना दुसरी लागेल, घे मुकाट्यानं. आणि टोपी घरी आली असती. खुंटीवरच्या टोपीकडे बघता बघता त्याला हळूहळू उमगायला लागलं, गुडघ्यात गारठा चढतो तसं, खालून वर. पोरगी दुसऱ्यांदा विचारत नाही. टोपीचं विचारत नाही, तर राहायला येण्याचंही विचारणार नाही.

या शहरात एकदाच विचारतात, हे त्याला माहीत होतं. मारसलीचं लग्न ठरलं तेव्हा तो आणि एफी कीथच्या आईला भेटायला आले होते, बोट, बस, आगगाडी असा दिवसभराचा प्रवास करून. त्या बाईंनी दार उघडलं, कोट घेतले, छान खुर्च्यांवर बसवलं आणि म्हणाल्या, चहा घ्याल ना? एफी म्हणाली, नको हो, आत्ताच झाला. बाई म्हणाल्या, बरं, आणि हातात घेतलेली किटली परत ठेवली. मग दोन तास हवा, लग्न, गालिचे. टॉर्मडच्या पोटातून आवाज आला तेव्हा कीथच्या आईला वाटलं गाडी गेली. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी कागदात गुंडाळलेले मासे आणि बटाटे घेतले, आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या खाल्ले. एफी बोटं चाटत म्हणाली, "बाई वाईट नाही रे. फक्त पहिलंच ऐकते."

ते आठवून त्याला एरवी हसू यायचं. आज आलं नाही. मारसली त्या बाईंच्या शहरात वीस वर्षं राहिली होती.

दुपार कलली. आणखी दोन दुकानं झाली, एका गल्लीतून दुसरीत, पायऱ्या, परत पायऱ्या. पायऱ्यांवर मारसलीनं हात पुढे केला आणि त्यानं सवयीनं "नको" म्हटलं, आणि हात मागे गेला. आता त्याला प्रत्येक 'नको' जिभेवर येण्याआधी दिसत होता, पण थांबवता येत नव्हता. सत्तर वर्षांची जीभ. तिला कोण वळण लावणार.

मधेच मारसलीनं फोन लावला. ती दोन पावलं पुढे होती आणि कीथशी इंग्रजीत बोलत होती, पण गल्ली अरुंद होती. "विचारलं," ती म्हणाली. "नको म्हणाले… नाही, मी जोर नाही केला. आपलं तेच तर ठरलं होतं ना. … हो. हो, कळवते तिला."

तिला म्हणजे कुणाला, हे टॉर्मडनं विचारलं नाही. ते जेवणाच्या टेबलावर कळलं.

ग्रासमार्केटजवळ तळघरातलं एक जुनं खाण्यापिण्याचं ठिकाण होतं, बुटक्या छताचं. पाच वाजत होते आणि निम्मी टेबलं रिकामी होती. वाढणारी बाई पन्नाशीची, केस पिवळे रंगवलेले, ग्लासगोची, आणि ती ग्लासगोची आहे हे खुर्ची ओढायच्या आत सगळ्यांना कळत होतं.

"बसा बाबा, बसा. मी तुम्हाला विचारणार नाही जेवून आलात का म्हणून. ते इथले एडिनबऱ्याचे विचारतात, म्हणजे वाढावं लागत नाही." तिनं मारसलीकडे बघितलं. "तू इथली नाहीस ना गं? असशील तर माफ कर, नाहीतर नको करू."

"मी लूइसची."

"बेटावरची. म्हणजे तुमच्यापुढे मासे ठेवायचे तर मला धीर करायला हवा."

धुरावलेल्या हॅडक माशाचं दाट सूप आलं, बटाटे आणि दूध घातलेलं. टॉर्मडनं ते मन लावून खाल्लं. वाटी पुसायला पाव उरला नव्हता. ग्लासगोवाली टोपली घेऊन आली.

"पाव?"

"नको, झालं."

"काय झालं? वाटीला विचारा झालं का ते."

"कशाला उगाच."

"उगाचच. मला काही उद्योग नाही म्हणून." तिनं दोन तुकडे त्याच्या ताटलीत टाकले. "आता हे मी परत नेले तर स्वैपाकी मला ओरडेल. माझी नोकरी तुमच्या हातात आहे."

"बरं, एकच," टॉर्मड म्हणाला, आणि दोन्ही खाल्ले.

मारसली हे सगळं बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मला नसतं आवडलं असं कुणी ताटात टाकलेलं." तिनं पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला. "बाबा, एक निरोप पाठवते तेवढा, मग निवांत बोलू. कीथच्या ऑफिसातल्या बाईची भाची आहे, नर्स. तिला इथल्या इस्पितळात नोकरी लागलीय. मागची खोली भाड्यानं मागत होती. तुम्हाला विचारेपर्यंत मी तिला थांबवून ठेवलं होतं, आज कळवते म्हणाले."

टॉर्मडनं वाटीतला चमचा उचलला आणि परत ठेवला. वाटी रिकामी होती.

"नर्स म्हणजे रात्रपाळी असणार," तो म्हणाला.

"असेल."

"दिवसा झोपायचं म्हणजे कठीण. गोदीचा आवाज येतो."

"येतो थोडा."

"ती खोली दमटही आहे, तूच म्हणालीस. कोपऱ्यात बुरशी येते."

"आम्ही रंग दिला बाबा त्या भिंतीला. ऑगस्टमध्येच दिला."

ऑगस्टमध्ये. म्हणजे खोली नर्ससाठी रंगवलेली नव्हती. नर्स तेव्हा कुठे होती. त्याला हे ऐकून आनंद झाला आणि लगेच घाबरायलाही झालं, कारण मारसलीचा अंगठा फोनवर फिरायला लागला होता. ती लहानपणी पाटीवर लिहायची तशी, जीभ जराशी बाहेर काढून लिहीत होती.

जन्मात त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. गावात मागत नाहीत. गावात नको म्हणतात आणि वाट बघतात. एफीशी लग्नाचं बोलतानासुद्धा त्यानं एवढंच म्हटलं होतं की यंदा दलदलीतली, चुलीत जाळायची माती जास्त खणलीय, एकट्याला जळणार नाही. बाकीचं एफीनं केलं. एफीनं सगळंच केलं, तिसऱ्यांदा विचारण्याचं काम मुख्यतः तिचंच होतं, घरात आणि घराबाहेर. आता ती नव्हती, आणि समोर बसलेली तिची लेक एक निरोप पाठवत होती.

"मारसली."

"हं."

"मघाशी किल्ल्यावर तू मला काहीतरी विचारलंस."

अंगठा थांबला. "हो. तुम्ही नको म्हणालात."

"म्हणालो."

"मग?"

"मग काही नाही." त्यानं पावाचा चुरा बोटानं एका ठिकाणी गोळा केला. "एकदाच विचारलंस."

छताखाली कुठेतरी कुणी खुर्ची सरकवली. मारसलीला आई आठवली. कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका स्वैपाकघरात ती दाराआड उभी राहून आईचं बोलणं ऐकत असे: अहो घ्या, अहो घ्या ना, आता नाही घेतलंत तर मी रागावेन. तिनं फोन उलटा करून ठेवला.

"बाबा, ते चहाचं असतं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या गोष्टीला ती रीत नसते. तुमचं घर आहे ते. आईचं घर. तुम्ही एकदा नको म्हटल्यावर मी परत विचारलं असतं तर… म्हातारा एकटा गाठलाय आणि मागे लागलेय, असं झालं असतं. मी कीथला बजावून ठेवलं होतं, कुणी जोर करायचा नाही म्हणून. मी त्या देवघरात जाऊन…" तिनं वाक्य सोडून दिलं.

"मला वाटलं आत गार आहे."

"गारही होतं."

"चहाला नसली तरी चालते गं रीत," टॉर्मड म्हणाला. "चहा कुठंही मिळतो."

मारसलीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोठी झालेली लेक, केसांत पांढरं आलेलं, कपाळावर आईची आठी.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला या."

त्याला हो म्हणायचं होतं. हो त्याच्या घशापर्यंत आलंही होतं. पण सत्तर वर्षांची जीभ तिथं आधीच येऊन उभी होती.

"कशाला उगाच तुम्हाला त्रास," जीभ म्हणाली.

मारसलीचं तोंड उघडं राहिलं, आणि मग तिच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं, त्याला आधी कळेना हसू की रडू.

ग्लासगोवाली नेमकी तेव्हाच टेबलाशी आली. "पुडिंग आहे, मनुकांचं, फडक्यात बांधून उकडलेलं, वर गरम कस्टर्ड. बाबा, तुम्ही नको म्हणणार, मला माहितीय."

"त्यांना आणा," मारसली म्हणाली. "मोठं आणा. विचारू नका."

आणि ती फोन घेऊन उठली, कोट न घालताच, आणि पायऱ्या चढून बाहेर रस्त्यावर गेली.

तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. टॉर्मडनं लेकीचे बूट ओळखले. ते आधी एका जागी उभे होते. मग इकडून तिकडे झाले, टाचा वळल्या, परत आल्या. पाऊस भुरभुरायला लागला होता आणि दगडांवर चकाकी चढत होती. बाकीचे पाय घाईत गेले. हे दोन मात्र भिजत राहिले, बराच वेळ. कुणाला तरी समजावून सांगत, माफी मागत असणार. नर्सही बिचारी चांगली असेल. तिला दुसरी खोली मिळावी, असं त्यानं मनापासून मनात म्हटलं, आणि पुडिंगकडे वळला.

मारसली परत आली तेव्हा तिचे केस ओले होते. ती बसली, त्याच्या ताटलीतला एक घास चमच्यानं कापून तोंडात टाकला आणि म्हणाली, "झालं."

त्यानं ताटली दोघांच्या मधे सरकवली.

"मी पहाटे उठतो," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"ठाऊक आहे."

"रेडिओ लावतो. गेलिक बातम्या. मोठ्यानं लावावा लागतो आता."

"ठाऊक आहे."

"रविवारी कुणी कपडे धुऊन वाळत घातलेले मला बघवत नाहीत."

"कीथला सांगेन. तो रविवारीच धुतो."

"खारवलेले मासे मागवणार मी गावाहून. वास येतो."

"गोदी आहे बाबा. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

टॉर्मडनं विचार केला. अजून काही राहिलं होतं का ते आठवून पाहिलं. कस्टर्ड गार होऊन त्याच्यावर साय धरायला लागली होती.

"कुत्रा आहे," तो म्हणाला.

मारसलीचा चमचा मधेच थांबला. कुत्र्याचं तिच्या आणि कीथच्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं. तो केवढा होता, किती भुंकायचा, गोदीतल्या मांजरांचं काय होईल, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक गेलं, आणि टॉर्मड मान खाली घालून ते जाऊ देत राहिला.

"कुत्र्याचं कीथला तुम्ही सांगा," शेवटी ती म्हणाली. "आज तो छपरावरून खाली उतरल्यावर. जेवण झाल्यावर सांगा पण."